कार्ड चालतं का?

म्हातारीला काही लागलं नव्हतं. तिला गाडीचा धक्कासुद्धा बसला नव्हता. व्हॅनचा डावा आरसा तिच्या डोक्यावरच्या पाटीला घासला, पाटी कलंडली आणि मेथीच्या जुड्या माधवनगरच्या रस्त्यावर पसरल्या, एवढंच. नानासोनं ब्रेक मारला तो पाटी पडल्याचा आवाज ऐकून. दिसलं म्हणून नव्हे, ऐकू आलं म्हणून आपण ब्रेक मारला, हे त्याला गाडी थांबल्यावर कळलं. मागं चौदा पोरं होती, सगळी पहिली ते चौथीतली. तो उतरला, वाकून जुड्या गोळा करायला लागला. म्हातारी रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकली होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बावीस वर्षं फौजेत आणि नऊ वर्षं शाळेच्या गाडीवर काढलेल्या माणसाला शिव्यांचं काय करायचं ते ठाऊक असतं. पण ती नुसती बघत राहिली आणि शेवटची जुडी हातात घेताना म्हणाली, "दिसत न्हाई व्हय रं बाबा तुला?" एखाद्याचा गुडघा दुखतोय का विचारावं, तसं. "ऊन आलं डोळ्यावर, मावशी," नानासो म्हणाला. म्हातारीनं मान वर करून पाहिलं. सकाळचे सात वाजले होते आणि आभाळ गच्च भरलं होतं. मग पाटी डोक्यावर घेऊन ती चालायला लागली. गाडीतली पोरं मात्र खिदळत होती, कारण काका एक जुडी काखेत तशीच घेऊन स्टिअरिंगवर येऊन बसले होते.

साठ वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. फौजेत सरकारनं दर वर्षी विचारला होता म्हणा, पण तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बोट दाखवून. इतक्या साध्या शब्दांत कुणीच नाही. आणि उत्तरही साधंच होतं. डाव्या डोळ्यानं नानासोला कधीच दिसलं नव्हतं. उजेड दिसायचा, अंधार दिसायचा, समोर काही हाललं तर काहीतरी हाललं इतकं कळायचं. पण माणूस हालला की म्हैस, ते विचारू नये. डोळा दिसायला चांगला टपोरा, फूल नाही, तिरळेपणा नाही, म्हणून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. उजव्यानं बिनतक्रार दोघांचं काम ओढलं. आणि आता वर्षभरापासून तोही कुरकुरायला लागला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटून पसरायचे, दुकानांच्या पाट्या दुधात भिजवून काढल्यासारख्या दिसायच्या. मागं एकदा गावातल्या एका चष्मेवाल्याकडं तो गुपचूप गेला होता. चष्मेवाल्यानं टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, "चष्म्यानं भागायचं नाही, मोतीबिंदू आहे. कार्डबिर्ड असेल तर रीतसर तपासून ऑपरेशन करून घ्या." नानासो बरं म्हणाला, बाहेर पडला आणि ती गोष्ट त्यानं गिळून टाकली. मेथीच्या दिवशी ती परत वर आली.

मंगलला, बायकोला, त्यानं अर्धंच सांगितलं. उजव्या डोळ्यापुढं धुकं येतंय, एवढंच. पाटीचं सांगितलं नाही; आणि डाव्या डोळ्याचं तर लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी सांगितलं नव्हतं. मंगल भाकरी थापत होती. "आवं मग कार्ड हाय की आपलं," ती म्हणाली. "बावीस वर्सं बर्फात घातली ती काय कार्ड पुजायला? उद्याच्याला जावा." तिच्यापुरता प्रश्न मिटला. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ते कार्ड तिनं देव्हाऱ्याखालच्या खणात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं. म्हणजे ती पूजाच करत होती म्हणायची. हात पुसून तिनं ते काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. कार्डावर नानासोचा फोटो, नाव, आणि खाली फौजेतला नंबर. झोपेतून उठवून विचारला तरी तो नंबर त्याला सांगता आला असता. पण त्या दिवशी त्या आकड्यांकडं बघून त्यानं कार्ड पालथं घातलं.

कारण डोळा नंबराच्या आधीचा होता. दवाखान्यात कार्ड दाखवायचं म्हणजे त्या नंबरापुढं डोळ्याचं सगळं लिहिलं जायचं: उजवा असा, डावा असा, आणि डावा असा कधीपासून. मग कुठल्यातरी मोठ्या गावातल्या मोठ्या कचेरीत कुणीतरी विचारणार, हा गडी अठराव्या वर्षी भरती झालाच कसा? त्याच्या ओळखीचे निवृत्त सुभेदार लालासाहेब चहाच्या गाड्यावर एकाची गोष्ट नेहमी सांगत. त्यानं म्हणे वयाचा खोटा दाखला दिला होता, पेन्शन खाताना उघडकीला आलं आणि पेन्शन थांबली. गोष्ट खरी होती की गाड्यावरची होती, देव जाणे. पण नानासोला ती रात्री-अपरात्री आठवायची. पेन्शन गेली तर मंगलला काय सांगायचं, हे एक. दुसरं त्याहून वाईट होतं. बावीस वर्षं खोटी ठरली असती. दारावरची 'माजी सैनिक' ही पाटी, पंधरा ऑगस्टला शाळेत मिळणारी पुढची खुर्ची, गावाकडं गेल्यावर पारावरची माणसं सरकून जागा देतात ती जागा, हे सगळं एका न दिसणाऱ्या डोळ्यावर उभं होतं. आणि दुसऱ्या बाजूला चौदा पोरं होती. हे दोन्ही विचार त्याच्या डोक्यात एकमेकांकडं पाठ करून बसायचे. उजव्याचं तेवढं ऑपरेशन करून घेऊ, डाव्याकडं कोण बघतंय, असं तो स्वतःला समजावायचा. पण डोळे तपासणारा माणूस दोन्ही डोळ्यांकडं बघतो, हेही त्याला माहीत होतं.

तरी तो निघाला. योजनेच्या कचेरीतून मिळालेल्या यादीत सांगलीतलं एकच नाव होतं. काचेचं दार, गार हवा, काउंटरवर मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलगी. "कार्ड चालतं का?" त्यानं विचारलं. "आधी चालायचं. आता बंद केलंय सरांनी." मुलगी वर न बघता बोलली. त्यानं का म्हणून विचारलं नाही. बाहेर आला, उन्हात उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. शाळेत गुरुजी आले नाहीत असं कळल्यावर वाटायचं तसलं हलकं. त्यानं उसाचा रस प्यायला, घरी जाऊन मंगलला सांगितलं, "न्हाई चालत म्हणत्यात," आणि मंगलनं दवाखान्याला, सरकारला, काचेच्या दाराला मिळून जे काही सुनावलं ते खाली मान घालून ऐकलं. ती बिचारी त्याच्या बाजूनं भांडत होती. चोरीचा माल घ्यावा तशी तो तिची माया घेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा व्हॅन, पुन्हा पोरं, पुन्हा माधवनगरचा रस्ता. घरातून दहा मिनिटं लवकर निघायचं आणि सावकाश चालवायचं, एवढी सुधारणा त्यानं केली होती.

इस्लामपूरला कार्ड चालत होतं, पण ऑपरेशनला, तपासणीला नाही. तपासणी दुसरीकडून करून चिठ्ठी आणायची होती. "दुसरीकडं म्हंजे कुटं?" तर ते तुमच्या कचेरीला विचारा. कचेरीनं सातारा सांगितलं. साताऱ्याला तो दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा डोळे तपासणारे एकाआड एक गुरुवारीच येतात आणि आजचा गुरुवार तो नव्हे असं कळलं. दुसऱ्यांदा बरोबर गुरुवार धरून गेला, तर तिथल्या दवाखान्याचा योजनेशी असलेला करारच संपलेला होता, आणि नवीन करार कधी होणार हे कुणाला माहीत नव्हतं. तीन तास बाकावर बसून त्यानं हे ऐकून घेतलं. आजूबाजूला तसलीच माणसं होती, हातात तसलंच कार्ड, गुडघ्यावर डब्याची पिशवी, चेहऱ्यावर रांगेत जन्म गेल्याचा शहाणपणा. प्रत्येक वेळी तेच व्हायचं. आधी संताप यायचा, मग थकवा, आणि थकव्याच्या तळाशी ती सुटका. घरी परतताना एसटीत मात्र त्याला स्वतःची किळस यायची. पाटी पडल्याला दीड महिना झाला होता. दीड महिना तो दवाखाने शोधत होता आणि दीड महिना देवाला मनातून म्हणत होता, सापडू देऊ नको. आणि गाडी चालूच होती. खरं सांगायचं तर दवाखाना शोधणं हीच त्याची सबब झाली होती. आपण काहीतरी करतोय, हे त्याला रोज सकाळी चावी फिरवताना स्वतःला सांगता यायचं.

लालासाहेबांना त्यानं एकदा आडून विचारलं. लालासाहेब बशीतला चहा फुर्र करून ओढत म्हणाले, "नान्या, तू लय खुळा हायस गड्या. डोळा गेला म्हणतोस तर सर्व्हिसमधी गेला म्हणून लिवून घे की! बर्फाची तिरीप लागली म्हणायचं. अपंगत्वाची पेन्शन वर मिळती. कोण बघाय येतंय?" नानासो हसला. रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. एक खोटं झाकायला दुसरं खोटं, आणि त्यावर सरकारचा शिक्का. सोपं होतं की. लालासाहेबांनी सांगितलं म्हणजे चार जणांनी केलंही असणार. सकाळी उठल्यावर त्याला इतकं थकल्यासारखं वाटलं की बूट घालताना तो पलंगावर तसाच बसून राहिला. मंगलनं दोनदा हाक मारली.

साताऱ्याच्या दवाखान्यातल्या शिपायानं फलटणचं नाव सांगितलं होतं. तिथं एक बाई डोळे तपासतात, कार्ड चालतं, नक्की चालतं, माझ्या मेव्हण्याचं चाललंय, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. तेव्हा शनिवार धरून नानासो निघाला. सकाळची शाळा होती. पोरांना सोडलं, दुपारी परत आणायला ऋषिराजला सांगितलं. ऋषिराज तिशीतला, दुसऱ्या शाळेची गाडी चालवायचा. अडीनडीला दोघं एकमेकांची पोरं पोचवायचे. आठच्या एसटीत उजव्या खिडकीची जागा मिळाली. विटा मागं पडलं, ऊस संपला, मग मायणी, मग दहिवडीकडचा तो करडा, दगडाळ मुलूख, ज्यात त्याचं गाव होतं. फाट्यावर गाडी थांबली, दोन माणसं उतरली, आणि त्याला वाटलं आपणही उतरावं. त्याचा बाप, आकाराम, ह्याच माळावर मेंढरं राखायचा. नानासो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून बरोबर जायचा. कळप चालला की बाप म्हणायचा, "तू डाव्या अंगाला ऱ्हा." डाव्या अंगाला राहिलं की सगळी मेंढरं उजव्या हाताला यायची. तसं नसलं की संध्याकाळी मोजणीत एखादं मेंढरू कमी भरायचं आणि बाप काठी घेऊन ओढ्यात उतरायचा. त्यानं कधी मारलं नाही, कधी विचारलंही नाही. फक्त एकदा, भरतीला जायच्या आदल्या दिवशी, वाघरात, मेंढरांभोवतीच्या जाळ्यात, बसून तो म्हणाला होता, "फौजेत कुनाच्या डाव्या अंगाला ऱ्हाशील रं?" नानासो हसण्यावारी नेऊन उठला होता. बापाला माहीत होतं की काय, हे आता विचारायला बाप उरला नव्हता.

आणि डोळ्याचा तक्ता गावातल्या ज्ञानूनं पाठ करून घेतला होता. त्या मुलखात ती रीतच होती; अजूनही असेल. भरतीला जाऊन पडून आलेलं पोर पुढच्या वर्षीच्या पोरांचा मास्तर व्हायचं. ज्ञानू छातीत दोनदा कमी भरला होता, पण डोळ्याचा तक्ता त्याच्या डोक्यात फोटोसारखा बसला होता. त्यानं देवळामागच्या भिंतीवर कोळशानं तो काढला, वरून खाली, मोठ्या अक्षरापासून बारीक अक्षरापर्यंत. इंग्रजी कुणाला धड येत नव्हतं, पण पाढे सगळ्यांना यायचे, म्हणून ज्ञानूनं त्याला पाढ्याची चाल लावली. ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी. सहा पोरं चिंचेखाली डोलत डोलत म्हणायची. त्यातल्या तिघांचे डोळे चांगले होते; तेसुद्धा म्हणायचे, कारण डॉक्टरपुढं गडबड नको. नानासोला गडबड परवडणारीच नव्हती. त्यानं तो इतका घोटला की उलटा विचारला तरी सांगायचा. कोल्हापूरच्या मैदानावर डॉक्टरनं उजवा डोळा झाकायला लावला तेव्हा त्याच्यापुढं नुसतं पांढुरकं काहीतरी लटकत होतं. तो त्या पांढुरक्याकडं बघत देवळामागची भिंत वाचत गेला. डॉक्टरनं मध्येच थांबवलं. "बस. फिट." पुढं दर वर्षी तेच. तक्ता सहसा बदलायचा नाही, आणि एखाद्या वर्षी बदलला तर पुढं उभे असलेले लोक वाचायचे ते ऐकून तो रांगेतच पाठ व्हायचा. त्यातून सरकारनं विनोद असा केला की त्याला ड्रायव्हर केलं. तो सारखी मान फिरवून डावीकडं बघायचा म्हणून एका साहेबांनी सगळ्या पलटणीपुढं त्याचं कौतुक केलं होतं, "मुंडी ऐसी घूमनी चाहिए!" बावीस वर्षांत त्याच्या गाडीला एक ओरखडा नव्हता. ह्या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि भीतीही वाटायची. आता मान पूर्वीसारखी फिरत नव्हती, हे त्याला त्या फाट्यावर बसल्या बसल्या कुणीतरी सांगावं तसं कळलं.

फलटणचा दवाखाना बाजारपेठेतल्या एका औषधाच्या दुकानावर होता. जिना अरुंद, वर चार खुर्च्या, भिंतीवर लहान मुलाच्या डोळ्यांचं मोठं चित्र. नेहमीच्या सवयीनं, नकार घ्यायच्या तयारीनं, त्यानं खिशातलं कार्ड पुढं केलं. "कार्ड चालतं का?" "चालतं की. बसा, काका," टेबलामागची मुलगी म्हणाली. इतकंच. नानासो उभाच राहिला. त्याला बसवेना. नाही ऐकायची इतकी सवय झालेल्या माणसाला हो ऐकल्यावर काय करायचं ते कळत नाही. त्यातून त्याला तर पळायचीही सोय उरली नव्हती. डोळे तपासणाऱ्या बाईंचं नाव रेश्मा. तिशीची असेल, पांढरा कोट, पायात चपला, बोलण्यात हेल त्याच्याच मुलखातला. तिनं आधी यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, आत एका रस्त्याच्या टोकाला फुगा दिसत होता तो बघायला लावला. उजव्यानं फुगा धुक्यात दिसला. डाव्यानं काही नाही. यंत्रानं किर्र करून एक चिठ्ठी टाकली. तिनं ती वाचली आणि बाजूला ठेवली.

मग आतली अंधारी खोली, उंच खुर्ची, आणि समोर पडद्यावर उजळलेला तक्ता. उजव्या डोळ्यानं त्यानं खरंखरं वाचलं. चौथ्या ओळीला अडखळला, पाचवी सोडून दिली. तेवढ्यानं त्याला बरं वाटलं. आज आपण सगळं नीट सांगणार, असं त्यानं एसटीत विट्यापासून ठरवत आणलं होतं. कुणाला काय करायचं ते करू दे, एकदा सांगून मोकळं व्हायचं. "आता डावा," रेश्मा म्हणाली आणि तिनं काळी पट्टी त्याच्या उजव्या डोळ्यावर धरली. पुढं पांढुरकं काहीतरी लटकू लागलं. नानासोनं तोंड उघडलं. 'न्हाई दिसत' हे दोनच शब्द म्हणायचे होते. आणि त्याच्या तोंडातून पाढा सुरू झाला. ई. एफ पी. टी ओ झेड. तो ऐकत होता आणि जीभ म्हणत होती. थांब, थांब, असं तो आतून ओरडत होता, पण पाठ ताठ झालेली, हात मांडीवर सरळ, टाचा जुळलेल्या, आणि आवाज खणखणीत, साठीच्या माणसाचा नव्हेच. एल पी ई डी. पी ई सी एफ डी. कुणीतरी बस म्हणेपर्यंत थांबायचं नसतं. बस कुणी म्हणत नव्हतं. शेवटची बारीक ओळसुद्धा त्यानं म्हणून संपवली.

"काका," रेश्मा हळू म्हणाली, "दुसऱ्या ओळीलाच मी तक्ता बदललाय. तिथं आता मराठी अक्षरं आहेत."

त्याला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. अंग मात्र सैल पडत गेलं, खांद्यापासून खाली. तिनं पट्टी काढली, दिवा लावला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. ती रागावली नव्हती. "माणचे ना तुम्ही? का खटावचे?" तिनं विचारलं. "महिन्यातून दोघं-तिघं येतात असे. तक्ता तोच, चालसुद्धा तीच. माझे चुलतेच म्हणायचे घरात." चाळीस वर्षं एकट्यानं छातीशी धरून ठेवलेली गोष्ट ह्या बाईकडं महिन्यातून दोघं-तिघं आणून ठेवत होते. तिनं सांगितलं, ह्याला आळशी डोळा म्हणतात, लहानपणी पट्टी बांधली असती तर सुधारला असता, आता नाही; उजव्याचा मोतीबिंदू मात्र काढता येईल, कार्डावर होईल. मग कागद पुढं ओढून तिनं विचारलं, "डाव्याला कधीपासून नाही? हे लिहावं लागतं." लालासाहेबांची बर्फाची तिरीप नानासोच्या ओठाशी आली. ती आली हे त्याला लपवता येणार नाही. मग तो म्हणाला, "ल्हानपनापासनं," आणि डोळे मिटून घेतले. पेन खरडल्याचा आवाज आला. एक ओळ, फार तर दीड. "ह्यानं पेन्शनला काय...?" "पेन्शनचा इथं काय संबंध, काका? इथं डोळ्याचं लिहितात." ती पुढच्या रकान्याकडं गेलीसुद्धा. इतकंच होतं ते. कुठं काही कोसळलं नाही. त्याला हसावं की कुणाची गचांडी धरावी ते कळेना.

"सध्या काय करता?" पुढचा रकाना.

"गाडी चालवतो."

"कसली?"

"शाळेची."

पेन थांबलं. ती वर बघून त्याच्या चेहऱ्याकडं बघायला लागली, आणि आतापर्यंत तिचं बघणं डोळ्यांपुरतं होतं हे नानासोला तेव्हा कळलं. "पोरं कुठल्या बाजूनं उतरतात?"

नऊ वर्षांत हा प्रश्न त्यानं स्वतःला एकदाही विचारला नव्हता. पेन्शनचा विचार केला होता, खुर्चीचा, पाराचा, बायकोचा; पोरांचाही केला होता, पण ती सीटवर बसलेली असताना. "डाव्या," तो म्हणाला.

"सगळी बाजूला झाली, हे कसं कळतं तुम्हाला?"

"दार वाजतं. मग ती म्हणत्यात, झालं काका. मग मी सोडतो गाडी."

आणि बोलता बोलताच त्याला क्रांती आठवली. पहिलीतली, सगळ्यांत बारकी, फारशी बोलत नाही. तिच्या वतीनं तिचा भाऊ 'झालं' म्हणतो. भाऊ चार दिवस तापानं घरी होता. मग ह्या चार दिवसांत 'झालं' कुणी म्हटलं होतं? त्यानं आठवून पाहिलं. दार वाजलेलं आठवत होतं. आवाज कुणाचाच आठवत नव्हता. काल दुपारी तिच्या घरापुढं तो दार वाजल्यावर निघाला होता, आणि ती गाडीपासून चार पावलं लांब होती की चाकाशी बुटाचा पट्टा लावत वाकली होती, हे त्याला माहीत नव्हतं. ती आज सकाळी गाडीत होती, म्हणजे काही झालं नव्हतं. हे समजत होतं, तरी त्याला राहवेना. त्यानं फोन काढला, उजव्या डोळ्याजवळ धरला, नावं वाचता येईनात. "बाई, ह्यातनं क्रांतीची आई बघून लावून द्या," तो म्हणाला. रेश्मानं शोधून लावून दिला.

"हॅलो, ताई, नानासोकाका बोलतोय. क्रांती पोचली का घरला?"

"पोचली की कवाच. ऋषिराज सोडून गेला. जेवतीया. का वं काका?"

नानासोनं रेश्माकडं पाहिलं. ती कागदावर पेन टेकवून तशीच बसली होती. "ताई," तो म्हणाला, "सोमवारपासनं मी गाडीवर न्हाई. मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. पोरं उतरत्यात ती मला दिसत न्हाईत. ल्हानपनापासनं हाय."

पलीकडं भांड्याचा आवाज होत होता तो थांबला. मग क्रांतीची आई म्हणाली, "पर काका, आज सकाळी तुमीच न्हेली की हिला."

"व्हय," नानासो म्हणाला. "मीच न्हेली."